उत्क्रांतीच्या पाठात बोंडअळी हवी

‘उत्क्रांती’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे काय उभे राहते? ओणव्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची ती पाच-सहा आकृत्यांची रांग! २०१८ साली आलेल्या आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे. त्यात जीवाश्म आहेत, अवशेषांगे आहेत, डार्विन आहे, लामार्कही आहे. पाठ वाईट नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांती वगळली गेली, हे पाहता आपल्या मुलांना ती भेटली याचे समाधानच मानावे. परंतु ज्या रीतीने हा पाठ शिकवला जातो, त्यावरून विद्यार्थ्याचा ग्रह होतो तो असा, की ही लाखो वर्षांपूर्वी घडून संपलेली गोष्ट आहे. माझी तक्रार आहे ती एवढ्याचबद्दल.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते, की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, सबब डार्विन चूक. शास्त्रज्ञांनी निषेध केला तो योग्यच होता. पण पाहण्याचीच गोष्ट म्हणाल, तर त्याच्या दोन-तीन महिने आधी, त्याच मराठवाड्यात कापसाचे शेतकरी उत्क्रांती उघड्या डोळ्यांनी पाहत होते. तिला ते उत्क्रांती म्हणत नव्हते, इतकेच.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे आमचे विज्ञानवाले मित्र विचारतील. पडावे, कारण अर्धा घोटाळा भाषेचा आहे. ‘उत्’ म्हणजे वर. तेव्हा उत्क्रांती म्हणजे वर चढणे, अशी आपली समजूत होते. (जुन्या संस्कृत ग्रंथांत तर हा शब्द प्राण देहाबाहेर निघण्यासाठी येतो!) ‘नैसर्गिक निवड’ म्हटले की निवडणारा कोणी आहे असे वाटते. वास्तविक तिथे कोणी निवडत नाही. काही मरतात, काही उरतात, आणि उरलेल्यांचीच पिलावळ वाढते.

हे समजायला गगनबावड्याबाहेर जाण्याचे कारण नाही. श्रावणात आपल्या कोणत्याही भातखाचरात भांगलण चाललेली पाहा. भाताच्या रोपासारखेच दिसणारे एक गवत रोपांत दडून असते. जाणत्या बायका पानाचे बूड पाहतात. भाताला तिथे पातळ पापुद्र्याची जीभ असते, त्या गवताला नसते. नवख्या पोरीच्या हातून मात्र ते सुटते. हे सोंग त्या गवताला आले कुठून? चीनमध्ये याच जातीच्या गवतावर झालेले संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे हजार वर्षे माणसे खाचरांतून वेगळे दिसणारे गवत उपटत आली. भातासारखे दिसणारे तेवढे वाचले आणि त्यांचेच बी पडत राहिले. उपटणाऱ्याची इच्छा गवत नष्ट व्हावे अशी होती, आणि त्याच्याच हाताने गवत हुशार केले!

आपल्या पावसात कापूस उभा राहणार नाही, म्हणून पुढची कथा आपल्याला परकी वाटते. पण ती या गवताचीच कथा आहे. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतून आलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातले होते. अळीला मारणारे प्रथिन आता झाडच तयार करू लागले. फवारण्या कमी झाल्या, शेतकरी खूष झाला. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. पण लाखो अळ्यांत एखादी अशी असते, की तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या की मैदान तिचे.

शास्त्रज्ञांना हे ठाऊक होते. म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी पिशवीबरोबर साध्या कापसाचे १२० ग्रॅम बियाणे दिले जाई. शेताभोवती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, जे अधिक भरेल तेवढ्यात ते लावायचे. तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या थोड्या पतंगांशी जुळतील आणि त्यांची पिल्ले बीटीवर मरतील, असा हिशेब. आता सांगा, मुद्दाम अळीला खाऊ घालायला कोण जमीन देईल? पुड्या बांधावर पडून राहिल्या. गुलाबी बोंडअळीला कापसाखेरीज दुसरे खाणेही जवळजवळ नाही, त्यामुळे आसरा असा उरलाच नाही. शिवाय हंगाम संपला तरी कापूस शेतात उभा. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात दोन जनुकांच्या कापसाचीही बोंडे पोखरली गेली. अमेरिकेत साधा कापूस लावण्याचा नियम पाळला गेला, पुढे वांझ पतंगही सोडले गेले. तिथे २०१८ मध्ये हीच अळी संपल्याची घोषणा झाली.

जनुक बदलणे पाप की पुण्य, यावर आपल्याकडे पुष्कळ भांडून झाले. २०१० मध्ये बीटी वांगे थांबले. २०१९ मध्ये अकोटला शेतकऱ्यांनी बंदी मोडून तणनाशक सोसणारा कापूस लावला. दोन्ही पक्षांच्या भाषणांत अळी कशी बदलते हा विषय फारसा येत नाही. आणि शेतकऱ्याला बेशिस्त म्हणणेही मला मान्य नाही. पुडी का लावायची हे त्याला कोणी समजावले? ज्या शाळेत तो शिकला तिथे उत्क्रांती म्हणजे माकड होते.

आपल्यातले कित्येक जण उद्या शिक्षक होणार आहेत. दहावीच्या प्रश्नपत्रिकेसाठी मी एक प्रश्न सुचवतो : ‘बीटी कापसाच्या पिशवीबरोबर साध्या कापसाची पुडी का देत असत? ती पेरली नाही तर दहा-पंधरा वर्षांत काय घडेल, ते नैसर्गिक निवडीच्या आधारे लिहा.’ गुण पाच. आणि आपल्या तालुक्यासाठी पर्यायी प्रश्न : ‘भांगलणाऱ्या बाईच्या हातून जे गवत सुटले, त्याचे वंशज शंभर वर्षांनी कसे दिसतील?’