सट्टा : कौशल्य खरे, आजारही खरा

आयपीएलचा हंगाम आला की उत्तर नागपुरातल्या पोलीस बातम्यांत जरीपटक्याचे नाव हमखास दिसते. फ्लॅटवर छापा, मोबाइल आणि लॅपटॉप जप्त, 'लगवाडी-खायवाडी' करणारे ताब्यात. बातमी तिथेच संपते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी कष्टाने उभी केलेली ही व्यापारी वस्ती वाचकाला फक्त सट्ट्यामुळे आठवावी, हा तिच्यावर अन्याय आहे. हा धंदा ना एका वस्तीचा, ना एका समाजाचा. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार केली, तेव्हा पोलिसांना कोट्यवधींची रोकड आणि सोने सापडले ते गोंदियात.

छाप्यात बुकी सापडतो. पैसे लावणारा मात्र घरी असतो. रात्री दोनला मोबाइलच्या उजेडात बसलेला, बायकोचे दागिने कुठे आहेत या प्रश्नावर चिडणारा. त्याची नोंद पोलिसांकडे नसते आणि दवाखान्यातही क्वचितच असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ त्याने बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दरवर्षी ४५ कोटी लोक अशा खेळांत मिळून सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने तेव्हा मांडला. खेळणारा गुन्हेगार नसून बळी आहे, असेही सांगितले. वैद्यकीय दृष्टीने या कायद्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा जुना भेद त्याने ऑनलाइन खेळांपुरता मोडीत काढला.

हा भेद समजून घ्यायचा तर घोड्यांच्या शर्यतीकडे जावे लागते. महाराष्ट्रात १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने मटका, पत्ते यांवर बंदी घातली, पण परवानाधारक रेसकोर्सवर घोड्यावर पैसे लावायला मोकळीक राहिली. मुंबईचे महालक्ष्मी आणि पुण्याचे रेसकोर्स त्याच आधारावर चालतात. हिवाळ्यात मुंबई, पावसाळ्यात पुणे. १९९६ मध्ये मद्रास रेस क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचे वंशवृत्त, त्याची तयारी, जॉकीचा हात आणि आधीच्या शर्यती यांचा अभ्यास करून पैसे लावणारा निव्वळ नशिबावर विसंबलेला नसतो, असा त्यामागचा युक्तिवाद होता. पुढे रमी आणि फँटसी क्रिकेटच्या कंपन्यांनीही न्यायालयांत याच निकालाचा आधार घेतला.

न्यायालयाचे म्हणणे चूक नव्हते. रेसचा अभ्यास हे खरेच कौशल्य आहे आणि ते साधे नाही. चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि कच्च्या घोड्यावर कमी वजन देऊन सर्वांना जवळपास एका पातळीवर आणायचे, याला रेसकोर्सवर हँडिकॅप म्हणतात. जॉकी आणि खोगीर मिळून वजन भरले नाही, तर शिशाचे पत्रे घालून ते पुरे करतात. म्हणजे क्लबचा अधिकारी सगळे घोडे एकाच वेळी रेषेवर यावेत अशी मांडणी करतो आणि पैसे लावणारा त्या मांडणीतली चूक शोधतो. अमेरिकेत या शोधण्यालाच हँडिकॅपिंग म्हणतात. १९८६ मध्ये सेसी आणि लायकर या दोन मानसशास्त्रज्ञांनी डेलावेअरच्या रेसकोर्सवर रोज येणाऱ्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले तज्ज्ञ अनेक बाबींचा एकमेकींवर होणारा परिणाम मनातल्या मनात तोलत होते. त्यांच्या या क्षमतेचा बुद्ध्यांकाशी संबंध आढळला नाही. सट्टा हा मूर्खांचा नाद आहे असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्यात हुशार माणसेही तितकीच अडकतात.

पण कौशल्याचे पुढे काय होते, हे १९७३ च्या एका प्रयोगात दिसले. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने आठ अनुभवी हँडिकॅपर निवडले. त्यांना जुन्या शर्यतींची माहिती दिली, घोड्यांची नावे मात्र लपवली. प्रत्येकाने आधी आपल्याला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या पाच बाबी पाहून विजेता सांगायचा होता. मग दहा बाबी, मग वीस, शेवटी चाळीस. शर्यतीत दहा घोडे असतील तर डोळे मिटून बोट ठेवले तरी दहा टक्के वेळा बरोबर येते. या मंडळींचे पाच बाबींवर सतरा टक्के बरोबर आले. कौशल्य ते एवढे. चाळीस बाबी मिळाल्यावरही अचूकता सतराच्या आसपासच राहिली. आत्मविश्वास मात्र वाढत गेला. पाच बाबींवर तो १९ टक्के होता, म्हणजे अचूकतेच्या जवळच. चाळीस बाबींवर तो तीस टक्क्यांच्या पुढे गेला.

मोबाइलवरच्या सट्ट्याचे सारे यंत्र या अंतरावर चालते. खेळपट्टीचा अहवाल, नाणेफेक, दव, गोलंदाजाची मागची दहा षटके, टेलिग्रामवरची 'पक्की' टिप. माहिती कमी पडत नाही. माहिती वाढली की अंदाज सुधारला असे वाटते आणि लावायची रक्कम वाढते. त्यात आणखी एक खोच आहे. १९६८ मध्ये व्हँकुव्हरच्या रेसकोर्सवर नॉक्स आणि इंक्स्टर यांनी तिकीट खिडकीच्या रांगेतल्या लोकांना आणि नुकतेच तिकीट घेऊन बाहेर पडलेल्यांना एकच प्रश्न विचारला : तुमचा घोडा जिंकेल याची किती खात्री? बाहेर पडलेल्यांची खात्री जास्त होती. मध्ये घोड्याबद्दल नवे काहीच कळले नव्हते, फक्त पैसे देऊन झाले होते.

कौशल्याच्या विरुद्ध बाजूला साधे अंकगणित उभे असते. रेसकोर्सच्या टोट पद्धतीत सर्वांचे पैसे एका गल्ल्यात जमतात, त्यातून क्लबचा वाटा आणि कर वजा होतो आणि उरलेले विजेत्यांत वाटले जातात. समजा शंभरातले वीस कापले गेले आणि उरलेले पुन्हा लावले, तर सरासरी पाच फेऱ्यांत शंभराचे तेहतीस होतात. यात कुणी फसवलेले नसते. आता तर रेसवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला आहे. सतरा टक्क्यांचे कौशल्य या कपातीला पुरत नाही, कारण समोरचेही तेवढेच अभ्यासू असतात आणि भाव त्यांच्या पैशानेच ठरतो.

मग माणूस थांबत का नाही? डोपामिन हे मेंदूतले रसायन सुखाचे आहे असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या गटाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की बक्षीस नक्की मिळणार असेल किंवा नक्कीच मिळणार नसेल, तर वाट पाहताना डोपामिन पेशी फारशा उत्तेजित राहत नाहीत. शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा त्या सर्वाधिक उत्तेजित राहतात. म्हणजे जिंकण्याइतकाच, कदाचित अधिकच, ओढून धरतो तो निकालाआधीचा मिनिट. २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली : 'थोडक्यात हुकले' असा निकाल येतो तेव्हा हरूनही मेंदूचे जिंकल्यावर जागे होणारे भाग जागे होतात आणि पुन्हा खेळण्याची इच्छा वाढते. रेसच्या जॉकपॉटमध्ये पाचही विजेते ओळखणाऱ्यांना ७० टक्के रक्कम आणि चार ओळखणाऱ्यांना ३० टक्के वाटतात. हुकलेल्यालाही हातात काहीतरी मिळते आणि तो पुढच्या रेसला येतो.

वैद्यकशास्त्राला हे मान्य करायला वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या वर्गीकरणात जुगाराची विकृती आग लावण्याच्या आणि चोरी करण्याच्या अनावर ओढीशेजारी बसवली होती. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेने तिला दारू आणि अफूच्या व्यसनांच्या रांगेत आणले. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक वर्गीकरणातही ती व्यसनांतच आहे. लक्षणे दारूसारखीच : पूर्वीइतकीच उत्तेजना येण्यासाठी रक्कम वाढवत जाणे, बंद केल्यावर चिडचिड आणि झोप उडणे, गेलेले काढण्यासाठी पुन्हा लावणे, खोटे बोलणे. दारूचा वास तरी येतो. सट्टा घरच्यांना कळतो तो बहुधा वसुलीवाल्याच्या फोनने.

एक धोका खास सांगण्याजोगा आहे, कारण तो औषधातून येतो. कंपवाताच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्या डोपामिनसारखे काम करतात. काही रुग्णांत त्यामुळे आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेला माणूस सट्टा खेळू लागतो. काही मानसिक आजारांत वापरल्या जाणाऱ्या अरिपिप्राझोलबद्दलही अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये अशीच सूचना दिली. म्हाताऱ्या वडिलांच्या खात्यातून पैसे जाऊ लागले तर त्यांच्यावर ओरडण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये. ती एकदम तोडणे घातक ठरू शकते. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात आणि बहुतेकदा ओढ उतरते.

आत्महत्येचा मुद्दा टाळून चालणार नाही. स्वीडनमध्ये जुगाराच्या विकृतीचे निदान झालेल्या दोन हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांचे आत्महत्येने मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे पंधरा पट आढळले. हे उपचारासाठी आलेले, म्हणजे गंभीर रुग्ण होते; आकडा सरसकट सर्व खेळणाऱ्यांना लावता येणार नाही. तरी कर्ज उघडकीला आल्यानंतरचे दिवस सर्वांत धोक्याचे, हे कोणताही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल. नेमके त्याच दिवसांत घरात भांडण होते आणि माणसाला एकटे सोडले जाते.

उपचार आहेत. विचार आणि वर्तन बदलणाऱ्या मानसोपचाराचा पुरावा सर्वांत चांगला आहे. 'मला यातले कळते' हा समज त्यात आकडे मांडून तपासला जातो, आणि कौशल्याच्या खेळात अडकलेल्याला सर्वांत जड जाते ते हेच. नाल्ट्रेक्सोन हे दारूच्या व्यसनात वापरले जाणारे औषध काही रुग्णांत ओढ कमी करते. यकृताची तपासणी करूनच ते सुरू करतात. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावरही उपचार लागतात. पैशाचा कारभार काही महिने घरच्या दुसऱ्या माणसाकडे द्यावा. घरच्यांनी सगळे कर्ज एकदम फेडून टाकणे मात्र दयाळूपणाचे दिसले तरी बहुधा अंगलट येते. मोकळ्या झालेल्या खात्यावर पुढचा डाव लागतो.

जरीपटक्यापासून कोराडी रोडवरचे प्रादेशिक मनोरुग्णालय फार दूर नाही. मेडिकल आणि मेयोमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. सट्टा कायद्याने गुन्हा असल्याने दवाखान्यात नाव फुटेल ही भीती अनेकांना अडवते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

डॉक्टरांकडूनही चूक होते. ओपीडीत तंबाखू आणि दारू विचारली जाते. झोप लागत नाही, छातीत धडधडते म्हणून आलेल्या चाळिशीच्या माणसाला सट्ट्याबद्दल कुणी विचारत नाही. त्यासाठी मोठी प्रश्नावली लागत नाही. १९९७ पासून वापरात असलेले दोनच प्रश्न आहेत : लावायची रक्कम वाढवत न्यावी असे कधी वाटले का? आणि किती खेळता याबद्दल जवळच्या माणसाशी कधी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर 'हो' आले, तर मानसोपचाराच्या ओपीडीची चिठ्ठी लिहायला एक मिनिट पुरतो.