कार्बन फायबरचं बोनेट: गाडी हलकी होते की खिसा?



मागच्या महिन्यात राहुरी तालुक्यातला एक मुलगा दुकानात आला. वय तेवीस-चोवीस, आयटीआय झालेला, गाड्यांचं प्रचंड वेड. मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "सर, पत्र्याचं बोनेट, फेंडर, डिकी काढायची आणि कार्बन फायबरची बसवायची. गाडी हलकी, ॲव्हरेज वाढणार, लुक तर विचारूच नका. मुद्रा लोन काढतोय पाच लाखांचं. नगरमध्ये हे कोणीच करत नाही."

शेवटचं वाक्य ऐकून मी त्याला चहा पाजला. कारण चार वर्षांपूर्वी मीही हेच वाक्य बोललो होतो. एखादा धंदा गावात कोणीच करत नसेल तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक, कोणाला सुचला नाही. दोन, ज्यांना सुचला त्यांनी हिशोब करून सोडून दिला. आपण पहिलाच अर्थ धरून चालतो.

व्हिडिओत हा विषय घाईत झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: आपल्यासारख्या जिल्ह्यात रोजच्या गाड्यांना कार्बन फायबरचे पॅनल बसवायचा धंदा कर्ज काढून सुरू करू नका. कार्बन फायबर वाईट नाही, उलट फार जबरदस्त वस्तू आहे. पण ती ज्या कामाची आहे ते काम आपलं गिऱ्हाईक करत नाही.

आधी हिशोब

बीबीएला असताना कॉस्टिंगचा कंटाळा यायचा. आता दुकानात रोज तेच लागतं. चला, करू.

लहान हॅचबॅक गाडी धरा, वजन ९०० किलो. पत्र्याचं बोनेट १२ किलो धरू आणि कार्बनचं ६ किलो. म्हणजे ६ किलो वाचले. गाडीच्या वजनाच्या एक टक्कासुद्धा नाही. वजन १० टक्के कमी झालं तर इंधन साधारण ६ ते ८ टक्के वाचतं, असा वाहन उद्योगातला ढोबळ नियम आहे. त्या मापाने ६ किलोला अर्धा टक्का येतो.

गाडी महिन्याला १,००० किलोमीटर चालते, ॲव्हरेज २० चं, म्हणजे ५० लिटर पेट्रोल. अर्धा टक्का म्हणजे पाव लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला सव्वीस रुपये, वर्षाला तीनशे-सव्वातीनशे. मी ते बोनेट ४२,००० ला विकलं होतं. पैसे वसूल व्हायला सव्वाशे वर्षांहून जास्त लागतील. डिकीत विसरलेलं सामान बाहेर काढलं तरी तेवढाच फायदा होतो, तोही फुकट.

मग मोठ्या कंपन्या हे का वापरतात? १९८१ मध्ये मॅक्लारेनने फॉर्म्युला वनमध्ये कार्बन फायबरच्या सांगाड्याची गाडी आणली. त्याच वर्षी मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसनच्या त्या गाडीचा भयंकर अपघात झाला आणि तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. पण तिथे एक पॅनल बदललेलं नव्हतं, सांगाडाच त्या मटेरियलचा विचार करून बनवला होता. २०१३ मध्ये बीएमडब्ल्यूने आय-थ्री ही इलेक्ट्रिक गाडी काढली, तिचा प्रवासी बसतात तो सगळा भाग कार्बन फायबरचा. बॅटरीचं वजन भरून काढायचं होतं. त्यासाठी भागीदारीत फायबरचा कारखाना उभा केला. ती गाडीही २०२२ मध्ये बंद झाली.

वजन कमी करणं हे गाडी डिझाईन करणाऱ्याचं काम आहे. एक बोनेट बदलून आपण वजन नाही, लुक विकतो. लुक विकायला हरकत नाही, पण मग लुक म्हणूनच विका.

माझे ९६ हजार

आता माझी गोष्ट. जाहिरात बघून बाहेरच्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडून तीन बोनेट मागवली, प्रत्येकी ३२,०००. एकूण ९६,०००. पहिलं आठवड्यात विकलं. व्हिडिओ टाकला, कौतुक झालं.

पहिला उन्हाळा गेला आणि गिऱ्हाईक परत आलं. वरचं क्लिअर कोट पिवळं पडलं होतं, पृष्ठभागावर लाटा आल्या होत्या, हेडलाईटजवळची फट बोटभर झाली होती. कारण नंतर समजलं. घरगुती तापमानाला सुकवलेलं साधं इपॉक्सी रेझिन ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. काळं बोनेट, खाली इंजिनची उष्णता, वर आपलं एप्रिल-मेचं ऊन. तिथे तेवढं तापमान सहज होतं. चांगल्या पार्टला व्हॅक्यूममध्ये दाबून, भट्टीत नीट तापवून पक्कं करावं लागतं. त्याचा खर्च असतो आणि त्या विक्रेत्याने तो वाचवला होता.

उरलेल्यातल्या एकाची कड घासून पाहिली. वर कार्बनच्या कापडाचा एकच थर आणि खाली पांढरं ग्लास फायबर! म्हणजे वजनाचा फायदाही पूर्ण नव्हता. मी गिऱ्हाइकाला ४२,००० परत दिले आणि त्याचं जुनं बोनेट रंगवून बसवून दिलं. उरलेली दोन आजही माळ्यावर आहेत.

माझे वडील जुने डेंटर. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पत्रा दबला तर मी ठोकून सरळ करतो. हे तुटलं तर काय करणार?" मी हसलो होतो. खरं तर तोच सगळ्यात मोठा व्यापारी प्रश्न होता. पत्रा वाकतो, कार्बन तडकतं. त्याची दुरुस्ती करणारा माणूस माझ्याकडे नव्हता, आजही नाही. आपण विकलेली वस्तू आपल्याला दुरुस्त करता येत नसेल, तर प्रत्येक विक्रीबरोबर आपण एक भांडण विकत असतो.

पैशापेक्षा मोठी जोखीम

कंपनीच्या बोनेटला आतून एक फ्रेम असते. तिच्यात मुद्दाम कमजोर जागा ठेवलेल्या असतात. समोरून धडक बसली की बोनेट मधे घडी पडून वर येतं, मागे सरकून काचेतून आत घुसत नाही. पायी चालणारा माणूस आदळला तरी त्याच्या डोक्याला मार कमी बसावा, हाही विचार त्यात असतो. आपण बसवलेलं बोनेट धडकेत कसं मोडेल? ते कोणी तपासलंय? माझ्या विक्रेत्याकडे एकही टेस्ट रिपोर्ट नव्हता, आणि मी मागितलाही नव्हता.

गंमत बघा. गाड्यांची चाचणी करणारी व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्था आपल्या नगरमध्येच आहे. पुण्याच्या एआरएआयसारखीच तीही केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली मान्यता असलेली चाचणी संस्था आहे. तिच्या गावात बसून आपण कागद न बघता पार्ट बसवतो.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्यापेक्षा वेगळा होईल, असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. बेकायदा बदल केला तर गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बोनेट बदललं की प्रत्येक वेळी गुन्हाच होतो असं मी म्हणत नाही. पण आरटीओला लेखी विचारल्याशिवाय आणि विमा कंपनीला कळवल्याशिवाय बसवू नका. क्लेम अडकला तर गिऱ्हाईक तुमच्याच दारात येणार.

मग त्या मुलाने करायचं काय?

त्याला "नको" सांगून परत पाठवलं नाही. हातात कला आहे, ती वाया का घालवायची? त्याला तीन रस्ते सांगितले.

पहिला, कार्बन-लुक रॅप. आरशाचं कव्हर, डॅशबोर्डची पट्टी, आतलं ट्रिम. भांडवल कमी, काम दिसणारं. फक्त बिलावर "कार्बन-लुक विनाइल" असंच लिहायचं. "कार्बन फायबर" लिहिलं तर ती फसवणूक आहे, मग गिऱ्हाईक कितीही खूश असो.

दुसरा, ग्लास फायबर आणि प्लास्टिकची दुरुस्ती. तुटलेले बंपर, ट्रॅक्टरची छतं, ट्रॅव्हल्स बसचे पुढचे-मागचे भाग. हे काम आज आहे, दर सीझनला आहे. साचा, मॅट, रेझिन, हार्डनर, सगळी शिस्त इथेच शिकायला मिळते. घासताना मास्क आणि हातमोजे मात्र हवेतच. ती धूळ फुफ्फुसाला आणि कातडीला चांगली नाही.

तिसरा, जिथे हलकेपणाचे खरोखर पैसे मिळतात तिथे कार्बन. फवारणीच्या ड्रोनच्या दांड्या बहुतेक कार्बनच्या नळ्यांच्या असतात. ड्रोनवर एक किलो वाचला तर तेवढं जास्त औषध उचलता येतं किंवा ड्रोन थोडा जास्त वेळ उडतो. उसाच्या पट्ट्यात हे ड्रोन वाढताहेत, आणि पडून मोडताहेतसुद्धा. संगमनेर, कोपरगाव, लोणीला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. स्पर्धेसाठी रेसिंग कार बनवणारी मुलं रस्त्यावर नाही, ट्रॅकवर गाडी पळवतात. तिथे एकेक किलोचा हिशोब असतो.

गोव्यात पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतली किनेको कंपनी बघा. रेल्वेसाठी ग्लास फायबरचे भाग बनवत बनवत ती विमान क्षेत्रासाठी कार्बनच्या भागांपर्यंत पोचली. पायरी पायरीने.

त्या मुलाने पाच लाखांचा अर्ज सध्या थांबवलाय. माझ्या ओळखीच्या एका बंपर दुरुस्तीवाल्याकडे तीन महिने हाताखाली काम करतोय. जाताना म्हणाला, "सर, तुमची माळ्यावरची दोन बोनेट द्या, तोडून बघतो आत काय आहे." दिली. ९६ हजारांतून कोणीतरी शिकतंय, हेही काही कमी नाही.

नवीन वस्तू विकायला घेताना स्वतःला चार प्रश्न विचारा. गिऱ्हाइकाला नक्की काय मिळतंय? ते मी मोजून दाखवू शकतो का? बिघडलं तर मी दुरुस्त करू शकतो का? आणि हीच वस्तू मी माझ्या घरच्या गाडीला बसवून बायको-पोरांना घेऊन शिर्डीला जाईन का? चारही उत्तरं "हो" असतील तरच बँकेची पायरी चढा.

तुमचं मत वेगळं असेल तर आकडे घेऊन या, चहा माझ्याकडून. भेटू पुढच्या व्हिडिओत.