राक्षसाचं पोर आणि राजाचं पाणी

मैत्रिणींनो, गेल्या शनिवारी दुपारची गोष्ट. मी डाळ निवडत बसले होते आणि माझा दहा वर्षांचा नातू पलंगावर लोळून टीव्ही बघत होता. पडद्यावर जिकडेतिकडे नुसती वाळू आणि त्या वाळूत गुलाबी अंगाचं, टोकदार कानांचं, कपाळावर गॉगल चढवलेलं एक पोर ऐटीत उभं! मी नेहमीसारखी करवादले, "राक्षसांची कार्टुनं कसली बघतोस रे? अभ्यास नाही का?"

तर तो शांतपणे म्हणतो, "आजी, राक्षस चांगलाय. राजा वाईट आहे. तो लोकांना पाणी विकतो."

पाणी विकतो, हे ऐकलं आणि माझा सुपातला हात थांबला. सूप बाजूला ठेवून मी त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि एकापाठोपाठ एक तीन भाग पाहिले. रात्रीच्या पोळ्यांना उशीर झाला, पण ती दुपार वाया गेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

या मालिकेचं नाव 'सँड लँड', म्हणजे वाळूचा देश. जपानी चित्रमालिकांना ॲनिमे म्हणतात, हे आता तुमच्या मुलांनीच तुम्हाला शिकवलं असेल. ही त्यांतलीच एक. एकंदर तेरा भाग आहेत. मूळ चित्रकथा अकिरा तोरियामा यांची. 'ड्रॅगन बॉल' हे नाव ज्यांच्या घरात एकदा तरी दुमदुमलं असेल, त्यांना हे गृहस्थ ठाऊक असायला हरकत नाही. ते त्यांचंच. 'सँड लँड' त्यांनी २००० साली एका जपानी साप्ताहिकात लिहिली आणि रेखाटली. एक म्हातारा आणि एक रणगाडा यांची गोष्ट काढायची, एवढीच म्हणे त्यांची हौस होती! २०२३ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि २० मार्च २०२४ पासून मालिका सुरू झाली. तोरियामांना मात्र ती लोकांसमोर आलेली पाहता आली नाही. त्याच महिन्याच्या १ तारखेला, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ते गेले.

आता गोष्ट ऐका. लढायांनी आणि निसर्गाच्या कोपानं सगळं जग उजाड झालं आहे. जी एक नदी उरली होती, तीही आटली. पाणी आहे ते राजाकडे, आणि राजा ते महाग दरानं विकतो. ज्याला परवडेल त्यानं प्यावं, बाकीच्यांनी ओठ चाटावेत. अशा वेळी राव नावाचा एक म्हातारा शेरीफ, म्हणजे गावचा फौजदार म्हणा ना, ठरवतो की कुठेतरी एक झरा असला पाहिजे आणि तो आपण शोधायचा. (हा राव जपानी बरं का, आपल्याकडचा नव्हे!) वाळवंटात एकट्याचा निभाव लागायचा नाही, म्हणून तो थेट राक्षसांच्या दारात जाऊन मदत मागतो. सैतानाचा राजपुत्र बेल्झेबब आणि थीफ नावाचा एक दाढीवाला म्हातारा राक्षस त्याच्याबरोबर निघतात. वाटेत मोटार बिघडते, तेव्हा राजाच्या सैन्याचाच रणगाडा पळवून पुढची वाट धरली जाते.

हा बेल्झेबब म्हणजे एक नमुनाच आहे. वय अडीच हजार वर्षांचं, पण दिसायला आणि वागायला आपल्या घरातलं तिसरी-चौथीतलं पोर. आपण किती दुष्ट आहोत हे सांगताना तो बढाई मारतो, की काल मी रात्री उशिरापर्यंत जागलो आणि दात न घासताच झोपलो! मी इतकी हसले की नातू माझ्याकडे बघतच राहिला. हे राक्षस पाणी लुटतात खरे, पण जिवावर उठत नाहीत. उलट बाहेरची माणसं काय काय करतात हे कळतं, तेव्हा राक्षसांनाच धक्का बसतो. आणि तो शेरीफ? त्याच्या मनात जुनं काहीतरी सलतंय. तो पूर्वी सैन्यात होता, एवढंच सांगते. पुढचं तुम्हीच बघा.

तक्रारही करू का? पाण्याची एवढी मोठी गोष्ट, पण सुरुवातीच्या या भागांत बाईमाणूस औषधालाही नाही म्हटलं तरी चालेल. पाणी आटलं की सगळ्यांत आधी कुणाची पायपीट वाढते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. नातू म्हणतो, सातव्या भागापासून नवी गोष्ट सुरू होते आणि त्यात ॲन नावाची एक हुशार मुलगी येते, यंत्रं दुरुस्त करणारी. ही पुढची गोष्टही तोरियामांनीच रचलेली आहे. मी वाट बघते आहे.

आता मनातलं सांगते. मी मराठवाड्यातली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं, ते तुमच्याही लक्षात असेल. त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीतही टँकर यायचा. एका सकाळी आमच्या धुण्याभांड्याच्या बाई निघताना म्हणाल्या, "ताई, एक हंडा न्यू का?" मी म्हटलं, "अहो, आम्हालाच पुरत नाही." न्हाणीघरातलं पिंप तेव्हा काठोकाठ भरलेलं होतं. त्यांनीच ते सकाळी झाकून ठेवलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या आणि आमची भांडी तांब्यातांब्यानं पाणी जपत घासून गेल्या.

आठ-नऊ वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दुपारी राजाचा तो पाण्याचा व्यापार बघता बघता नातवाला सांगून बसले. मला वाटलं, तो मला नावं ठेवील. तसं काही झालं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "मग आजी, त्यांनी पाणी कुठून आणलं?"

मला सांगता येईना. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

असो. ज्यांना मुलांबरोबर ही मालिका पाहायची आहे, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. एकेक भाग साधारण चोवीस मिनिटांचा आहे, तेव्हा एका बैठकीला दोन पुरेत. बंदुका आहेत, रणगाड्यांच्या लढाया आहेत, म्हणून अगदी लहानग्यांना बसवू नका. आठ-नऊच्या पुढची मुलं मजेत बघतील. भाषेचा बाऊ करू नका. खालच्या इंग्रजी ओळी मुलालाच मोठ्यानं वाचून मराठीत सांगायला लावा, त्याची इंग्रजीची उजळणी आपोआप होते. आणि मुख्य म्हणजे मुलाला पडद्यासमोर बसवून तुम्ही ओट्याशी जाऊ नका. मटार घ्या, लसूण घ्या, पण त्याच्याशेजारी बसा. राक्षस कोण आणि राजा कोण, हे मुलांना पटकन कळतं. आपल्यालाच जरा वेळ लागतो.

त्या बाई आता आमच्याकडे नाहीत, पण मुलीकडे पलीकडच्याच गल्लीत राहतात. येत्या रविवारी नातवाला घेऊन जाऊन येणार आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडेच आहे ना!