वणवा पेटला की बोट बाईकडेच का?



मार्च उजाडला की आमच्या गोंदिया जिल्ह्यात मोह गळू लागतो आणि जंगलात वणवेही पेटू लागतात. मग गावात फलक लागतात : 'मोहाखाली पाला जाळू नका, शिक्षा होईल.' दम सगळा मोह वेचणारीला. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही आगी लावल्या जातात, पण तेंदूच्या ठेकेदाराला उद्देशून फलक कुणी पाहिलाय?

1927च्या वन कायद्यानं जंगलात आग लावणं गुन्हा ठरवलं. त्याच कायद्याचं कलम 79 सांगतं, की जंगलात हक्क असणाऱ्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे. म्हणजे बाई एक तर आरोपी, नाही तर बिनपैशाची मजूर!

ती पाला का जाळते? पहाटे गळलेलं फूल पाचोळ्यात दिसत नाही आणि गुरंढोरं यायच्या आत ते वेचावं लागतं. पाला झाडून काढता येतो, पण पाणी, चूल, मजुरी यांतून तेवढा वेळ कुठला? झाडाखाली जाळी बांधली तर आगही नको आणि फूलही स्वच्छ मिळतं. पण जाळीला पैसे कोण देणार?

आणि आगीत मरतं कोण? 8 एप्रिल 2021 रोजी नागझिऱ्याच्या वणव्यात 3 वनमजूर होरपळून गेले. हातावर पोट असलेली माणसं!

2006च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया हव्यात, असा नियम आहे. प्रत्यक्षात काय होतं? आमच्या भागातल्या एका गावात वणव्याची सभा ठेवली सकाळी आठला, ऐन मोहाच्या दिवसांत. बाया सगळ्या जंगलात. संध्याकाळी रजिस्टर दारोदार फिरलं. एक म्हातारी म्हणाली, "सही मांगाले घरी येता, मंग इचाराले काहून येत नाही?"

आगीचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधीच आपापल्या ग्रामसभेत हे ठराव मांडू या :

- वणव्याची सभा संध्याकाळी व्हावी, आणि तिच्याआधी बायांची वेगळी बैठक.
- मोहाच्या जाळ्या सरकारी खर्चानं मिळाव्यात, एकट्या बायांना आधी.
- जाळरेषेच्या कामात बायांना निम्मा वाटा आणि समान मजुरी.
- आग विझवणाऱ्या प्रत्येकाला बूट, साधनं आणि विमा.

ठरावाची नक्कल हातात पडेपर्यंत मात्र कुणीही रजिस्टरवर अंगठा उठवू नका.