उरलेली रिळे शोधा, जपा, दाखवा

मे १९१९मध्ये बर्लिनच्या पडद्यावर ‘आंडर्स आल्स डी आंडर्न’ झळकला. नावाचा अर्थ ‘इतरांहून वेगळे’. पुरुषांमधल्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम १७५विरुद्ध या मूकपटाने उघड दाद मागितली. दिग्दर्शक रिचर्ड ओस्वाल्ड, सहलेखक डॉ. मॅग्नुस हिर्शफेल्ड, आणि पडद्यावर डॉक्टरची भूमिकाही त्यांचीच. कोनराड फाइट व्हायोलिनवादक पॉल क्योर्नर झाला होता. एक खंडणीखोर त्याला कायद्याची भीती घालून पिळत राहतो. क्योर्नर शेवटी तक्रार करतो, तर खंडणीखोराबरोबर त्यालाही शिक्षा होते आणि तो विष घेतो. माणसाला लुबाडण्याचे हत्यार गुंडाच्या हाती कायद्यानेच दिले, हे या चित्रपटाइतके रोखठोक त्या काळात कोणी दाखवले होते?

१९२०मध्ये जर्मनीत सेन्सॉरशिप परतली आणि चित्रपटावर बंदी आली. डॉक्टर, वकील अशा मोजक्यांनाच तो पाहायची मुभा राहिली. मे १९३३मध्ये नाझींनी हिर्शफेल्ड यांची बर्लिनमधली संस्था लुटली, तिथली पुस्तके जाळली. कलम १७५ पूर्णपणे रद्द व्हायला मात्र १९९४ उजाडले.

आज हा चित्रपट अखंड कुठेच नाही. जे हाती आहे ते वाचले, कारण हिर्शफेल्ड यांनी १९२७मध्ये त्याचे भाग आपल्या दुसऱ्या चित्रपटात घातले आणि त्याची एक प्रत सोव्हिएत संघात पोहोचली. तिच्यावरच्या पाट्या युक्रेनियन भाषेत होत्या! म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयाने त्या तुकड्यांत स्थिरचित्रे आणि नव्या पाट्या घालून कथेचा धागा पुन्हा जुळवला. लॉस एंजेलिसमध्येही त्यावर काम झाले. पण गाळलेल्या जागा अजून रिकाम्याच आहेत.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. जर्मनीत किंवा युरोपात राहणाऱ्या चित्रपट-अभ्यासक मराठी मित्रांनो, संग्रहालयांत ओळख न पटलेली रिळे असतात. ती तपासण्याच्या कामात हात द्या. पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायट्यांनो, हा चित्रपट साथीच्या वादकांसह दाखवा आणि नंतर चर्चा ठेवा. आपल्याकडे अशाच संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची धार सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये बोथट केली. त्या लढ्यातल्या माणसांना बोलवा. त्यांना यातली भीती समजावून सांगावी लागणार नाही.

आणि आपल्या घराकडेही बघा. बाबूराव पेंटरांच्या १९२५च्या मूक ‘सावकारी पाश’ची प्रत आज आपल्याकडे नाही. सावकाराने नागवलेल्या शेतकऱ्याचा तो चित्रपट! कुणा जुन्या थिएटरवाल्याच्या, फिरत्या सिनेमावाल्याच्या माळ्यावर डबे असतील तर भंगारात देऊ नका. घरच्या प्रोजेक्टरवर चालवून बघायचा मोह टाळा; जुनी नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते. डबे उन्हापासून आणि आगीपासून दूर ठेवा, त्यांवरची चिठ्ठी फाडू नका, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आजच कळवा.