औंध कुठलं? पुण्याचं की साताऱ्याचं?

पायथॉनच्या पहिल्या प्रॅक्टिकलला आपल्याकडे 'हॅलो वर्ल्ड' छापून घेतात. माझं स्पष्ट मत आहे, त्याऐवजी 'सिस डॉट पाथ' छापून घ्यावं. का ते सांगते.

पुण्यात कुणालाही 'औंध कुठं?' विचारा, विद्यापीठापलीकडचं दाखवतील. साताऱ्याच्या स्टँडवर विचारा, खटाव तालुक्यातलं, यमाईचं आणि पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयाचं औंध मिळेल. (सांगलीकरांनो, तुमचं कुठलं?) चूक कुणाचीच नाही, तुम्ही उभे कुठं आहात त्यावर सगळं! पायथॉनचंही तसंच. इंपोर्ट म्हटलं की आधी तो बघतो, हे मॉड्यूल मेमरीत आलंय का. नसेल तर सिस, टाइम अशी इंटरप्रिटरच्या पोटातलीच मॉड्यूल्स. मग सिस डॉट पाथची यादी, ओळीने: आधी आपली फाइल आहे तो फोल्डर, मग पायथॉनपाथमधले, मग स्टँडर्ड लायब्ररी आणि शेवटी पिपने टाकलेल्यांचं साइट-पॅकेजेस. पहिलं सापडलं की शोध बंद. खरं मॉड्यूल पुढे बसलंय का, हे बघायला तो जातच नाही.

आता आपली लॅब बघा. अख्खी बॅच एकाच फोल्डरमध्ये सेव्ह करते. कुणीतरी फाशांचा प्रोग्रॅम 'रँडम डॉट पाय' नावाने ठेवला, की त्या मशीनवर पुढे बसणाऱ्याला एरर... रँडममध्ये रँडइंट नाहीच! गेल्या परीक्षेत आमच्या विंगमधल्या एका ज्युनिअरचं हेच झालं. प्रोग्रॅम बरोबर, पण एक्स्टर्नल म्हणाले, "आउटपुट नाही ना? नेक्स्ट." बिचारी रात्री मेसलापण आली नाही.

'नाव बदला, झालं' असं सर म्हणतात. पण कुणाचं नाव, हे कळायला तर हवं? २०२४ च्या ३.१३ व्हर्जनपासून पायथॉन स्वतःच सुचवतो, या फाइलचं नाव लायब्ररीतल्या मॉड्यूलसारखं आहे, बदलून बघा. लॅबमध्ये अजून त्याआधीचं आहे. सीनिअर्स 'व्हेन्व वापरा' सांगतात. ते चांगलंच, पण त्याने साइट-पॅकेजेस वेगळं होतं, पहिला फोल्डर पहिलाच राहतो.

म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक रोल नंबरला स्वतःचा फोल्डर द्या. आणि परीक्षेत अशी एरर आली, तर मार्क कापण्याआधी त्या मॉड्यूलचं 'फाइल' अ‍ॅट्रिब्यूट छापायला दोन मिनिटं द्या. कुठलं औंध उचललंय ते एका ओळीत दिसतं.