अहवालातील कोरा रकाना

परभणी जिल्ह्यातील मानवत तालुक्यात काय किंवा महाराष्ट्रातील अन्य कोणत्याही तालुक्यात काय, शाळेचे सत्र सरत आले की एक छोटासा सोहळा होतो. विद्यार्थी मंत्रिमंडळातील मुले-मुली एकेक करून उभी राहतात आणि आपापल्या खात्याचा अहवाल वाचतात. स्वच्छतामंत्री परिसर स्वच्छतेचे सांगतो, सांस्कृतिक मंत्री 15 ऑगस्ट, 17 सप्टेंबर आणि 2 ऑक्टोबरच्या कार्यक्रमांचे सांगतो, वनराई सांभाळणारी एखादी मुलगी किती रोपे लावली आणि त्यांतली किती जगली हे सांगते. आवाज थोडा कापतो, कागद थोडा थरथरतो. टाळ्या पडतात आणि दिवाळीची सुट्टी लागते.

या सोहळ्याकडे पोरखेळ म्हणून पाहण्याचे कारण नाही. आपण केलेल्या कामाचे वृत्त चारचौघांत उभे राहून देणे हा सार्वजनिक जीवनाचा पहिला धडा आहे. बैठकीत वृत्त देण्याची सवय ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. वृत्त देणारा मनुष्य आपोआप जबाबदार होतो. उद्या सांगावे लागणार, या जाणिवेने आजचे काम नीट होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजींनी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ चालविले. छात्रालयातील लहानसहान घटनाही लिहिण्याजोगी असते, हा संस्कार त्यातून मुलांवर झाला. आजच्या शाळेतील भित्तिपत्रक आणि सत्राचा अहवाल हे त्याच परंपरेतील आहेत.

मराठवाड्याच्या संदर्भात तर या गोष्टीचे मोल अधिकच आहे. ज्या प्रदेशात मानवत येते, तो 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. ‘गश्ती निशाण 53’ या कुप्रसिद्ध फतव्यामुळे तेथे सरकारी अनुमतीवाचून सभा भरविता येत नसे. मातृभाषेतून शिकणे हीच मुळी झगडून मिळवावयाची गोष्ट होती. 1938 मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. त्यापायी शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठ सोडावे लागले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. आजच्या छत्रपती संभाजीनगरमधील इंटरमिजिएट महाविद्यालयाचे विद्यार्थीही त्या लढ्यात उतरले होते. चार जणांनी एकत्र येऊन मोकळेपणाने बोलावे, यासाठी ज्या भूमीतील तरुणांनी आपले शिक्षण पणाला लावले, त्या भूमीतील मुले आज निर्भयपणे उभी राहून बोलतात, ही सामान्य घटना नव्हे.

म्हणूनच त्या अहवालात काय असते, याकडे आपण गांभीर्याने पाहिले पाहिजे. अलीकडे अहवालाचे स्वरूप पालटले आहे. दिनविशेष साजरे झाले, छायाचित्रे निघाली, ती वर पाठविली, की काम पुरे झाले असे मानण्याकडे कल वाढतो आहे. 2023-24 पासून राबविल्या गेलेल्या ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या अभियानात शाळांचे गुणांकन झाले. त्यानिमित्ताने अनेक शाळांच्या भिंती रंगल्या, परसबागा फुलल्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जेथे गुण असतात तेथे उणे लपविण्याचा मोहही असतो. मग मुलांच्या हाती दिला जाणारा अहवाल शिक्षकांनी लिहिलेला असतो आणि त्यात ‘उत्साहात संपन्न’ या दोन शब्दांखेरीज काही उरत नाही. सर्वच संपन्न झाले असेल तर पुढच्या सत्रात करावयाचे काय?

या अहवालात एक रकाना कायम कोरा राहतो. कार्यक्रमास किती उपस्थित होते हे सांगितले जाते. कोण नव्हते, हे सांगितले जात नाही. जून महिन्यात ज्यांची नावे पटावर होती, त्यांच्यापैकी दिवाळीनंतर किती परतले? मानवत ही कापसाची नावाजलेली बाजारपेठ. बोंडे फुटली की शेतोशेती वेचणीची लगबग सुरू होते आणि घरातली थोरली मुलगी एक तर आईबरोबर शेतात जाते किंवा धाकट्या भावंडाला सांभाळीत घरी थांबते. त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात पाच-सहा महिने पालांवर राहतात आणि त्यांच्याबरोबर शाळकरी मुलेही जातात. हंगामी वसतिगृहांची योजना आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत सहज बसता यावे म्हणून ‘शिक्षण हमी पत्रक’ही आहे. पण पत्रक देण्यासाठी मूल निघाले आहे, हे वेळेवर कळावे लागते. आणि ते सर्वांत आधी कोणाला कळते? त्याच्या शेजारी बसणाऱ्या मित्राला.

त्याहून गंभीर गोष्ट मुलींची आहे. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार परभणी जिल्ह्यात 20 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के स्त्रियांचा विवाह वयाची 18 वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला होता. राज्याचे प्रमाण याच सर्वेक्षणात सुमारे 22 टक्के होते. म्हणजे राज्याच्या दुपटीहूनही अधिक. हा आकडा वाचून मान खाली जावयास हवी. 3 जानेवारीस सावित्रीबाई फुले यांची जयंती ‘उत्साहात संपन्न’ होते, एखादी मुलगी सावित्रीबाईंच्या वेषात भाषण करते. आणि तीच मुलगी जूनमध्ये शाळेत दिसत नाही, तर त्या जयंतीचे फलित काय म्हणावयाचे? गरिबी, स्थलांतरातील असुरक्षितता, हुंड्याचा वाढता भार, गावात दहावीच्या पुढे सोय नसणे, ही कारणे खरी आहेत. पण कारणे माहीत असणे म्हणजे कर्तव्य संपणे नव्हे.

मानवतच्या नावाशी एक जुनी जखम जोडली गेली आहे. 1972 च्या दुष्काळापासून 1974 च्या आरंभापर्यंत तेथे स्त्रिया आणि कोवळ्या मुलींच्या हत्या झाल्या आणि गुप्तधनाच्या अघोरी लालसेची ती कहाणी देशभर गाजली. 2024 मध्ये तिच्यावर मालिकाही आली आणि नव्या पिढीला मानवत हे नाव पुन्हा त्याच संदर्भात कळले. एखाद्या कष्टाळू, व्यापारी गावाची ओळख अर्धशतकानंतरही त्याच्या काळ्याकुट्ट पर्वाने व्हावी, हा त्या गावावर अन्याय आहे. तो नुसत्या निषेधाने दूर होणार नाही. गावाची ओळख त्याच्या नोंदींतून घडते. त्या वेळी मुली नाहीशा झाल्या तेव्हा अवघा देश हादरला होता. आज हजेरीपटावरून मुलीचे नाव गळते तेव्हा कोणी दचकतही नाही. आमच्या गावातील एकही मुलगी या सत्रात शाळेतून गळाली नाही, असे मानवत तालुक्यातील एखाद्या शाळेच्या विद्यार्थिनीने सत्राच्या अखेरीस उभे राहून सांगितले, तर त्या गावाची याहून उजळ ओळख कोणती असू शकेल?

लहान मुलांवर एवढा भार टाकावा काय, असा प्रश्न कोणी विचारील. तो योग्य आहे. विवाह थांबविणे हे मुलांचे काम नव्हे आणि कोणा मुलाला भावकीच्या रोषासमोर एकटे उभे करणे हा अविचार ठरेल. बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 चा आहे. ग्रामीण भागात ग्रामसेवकावर त्याची जबाबदारी आहे. 1098 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मुलांनी एवढेच करावयाचे की, आज वर्गात कोण नाही आणि किती दिवसांपासून नाही, याची नोंद ठेवून ती शिक्षकांना सांगावयाची. नावे शिक्षकांपाशी राहावीत. सभेत केवळ संख्या वाचली जावी. पुढचे पाऊल मोठ्यांचे आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ती संख्या ऐकून ज्या समितीला झोप लागते, तिच्या बैठकीचे इतिवृत्त कितीही नीटनेटके असले तरी काय उपयोग?

येथेच आपला संबंध येतो. शाळेच्या कार्यक्रमास आपण पाहुणे म्हणून जातो, नारळ-शाल स्वीकारतो, मुलांना राष्ट्रभक्तीचे चार शब्द सांगतो आणि परततो. यापुढे श्रोते म्हणून जावे. मुलांना त्यांच्या शब्दांत अहवाल लिहू द्यावा. काय केले याबरोबर काय राहिले आणि कोण आले नाही, हेही त्यात असावे, असा आग्रह मुख्याध्यापकांकडे नम्रपणे धरावा. तो अहवाल शाळेच्या चार भिंतींत न राहता पालकसभेत आणि ग्रामसभेत वाचला जावा. दिवाळीनंतर शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात शिक्षकांबरोबर त्या घरांची पायरी चढावी. माय-बापांना उपदेश न करता त्यांची अडचण विचारावी. एखाद्या मुलीला सायकल हवी असेल, कोणाच्या धाकट्या भावंडाला अंगणवाडी हवी असेल, कोणाला वसतिगृहातील जागा. गावात चार सज्जन एकत्र आले तर यांतील कोणतीच गोष्ट अशक्य नाही.

समाज संघटित आहे की नाही, याची परीक्षा मिरवणुकीतील गर्दीवरून होत नाही. वर्गातील एक बाक रिकामा झाला तर किती घरांत चुकल्यासारखे वाटते, यावरून ती होते. मुले अहवाल वाचतीलच. त्यातील कोरा रकाना भरण्याचे धाडस त्यांना व्हावे आणि तो भरला गेल्यावर पुढच्या सत्रापर्यंत शून्यावर यावा, ही जबाबदारी आपली आहे.